पहिली रायफल : हरणाआधी मुलाचा खांदा बघा

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पहाटे चार वाजता पेट्रोल पंपावर भडक नारिंगी जाकिटांची गर्दी, ट्रकच्या मागे थर्मास आणि दोरखंड. मॅडिसन-मिलवॉकीकडच्या मराठी घरांत पूर्वी हा सगळा प्रकार खिडकीतून बघण्याचा होता. आता तिथेच जन्मलेली, तिथल्याच पोरांबरोबर वाढलेली मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की घरी येऊन विचारतात, "बाबा, मी पण जाऊ?" आणि कॉलेजात एनसीसीच्या पॉइंट टू-टूपलीकडे (म्हणजे .२२ ची सरावाची हलकी रायफल) ज्याने बंदूक हातात धरली नाही, असा बाप एके दिवशी दुकानातल्या काउंटरपुढे उभा असतो. समोर भिंतभर रायफली, आणि विक्रेता विचारतो आहे, "कोणत्या कॅलिबरमध्ये दाखवू?"

हा लेख त्या बापासाठी आहे. आईसाठीही, बऱ्याच घरांत हे प्रकरण शेवटी तिच्याच अंगावर येतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, भेकर मारणं हा गुन्हा आहे आणि त्यात हौसेला जागा नाही. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, म्हणजे व्हाइटटेलला, खाणारे लांडगे आणि प्यूमा तिथल्या बहुतेक भागांतून कधीच संपले. मक्याची आणि सोयाबीनची शेतं मात्र पसरली. त्यामुळे हरणांची संख्या राज्याचं वन्यजीव खातं परवान्यांच्या हिशेबाने आवरतं. रायफली आणि काडतुसांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो. शिकार पटो न पटो, तिथे जंगल चालतं ते याच पैशांवर मोठ्या प्रमाणात.

आकडे वाचायचे कसे

काडतूस म्हणजे चार गोष्टी : पितळी नळकांडं, त्यात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नावातला पहिला आकडा, म्हणजे कॅलिबर, साधारणपणे गोळीची किंवा नळीच्या पोकळीची जाडी सांगतो. .२४३ म्हणजे इंचाचे २४३ सहस्रांश. ६.५ क्रीडमूरमधले साडेसहा हे मिलिमीटर. .३०-०६ मधलं ०६ हे १९०६ साल, ज्या वर्षी ते काडतूस अमेरिकी सैन्याने घेतलं. नावं ठेवण्याला काही शिस्त नाही, त्यामुळे ती पाठ करण्यात वेळ घालवू नका.

लक्षात ठेवायचं ते वेगळंच. .३०-३०, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चौघांतून उडणारी गोळी एकाच जाडीची असते, ०.३०८ इंच. फरक मागच्या दारूचा. त्या फरकाने पहिल्या काडतुसाचा धक्का बारीक चणीचा मुलगाही सोसतो आणि चौथ्याच्या धक्क्याने मोठा माणूसही दुसरी गोळी भरण्याआधी थोडा विचार करतो. तेव्हा "किती जाड गोळी?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "मागे किती येतं?" हे विचारा.

पुढे किती लागतं, हे तर अगदी सोपं आहे. मोठी व्हाइटटेल मादी साधारण पन्नास-साठ किलोची, चांगला वाढलेला नर सत्तर-ऐंशीचा, उत्तरेकडे त्याहून थोडा जास्त. म्हणजे आपल्या चितळाच्याच अंगलटीचा प्राणी. त्याची कातडी पातळ, बरगड्या नाजूक. पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसांच्या आठेक इंचांच्या जागेत चांगली गोळी बसली तर .२४३ ने हरीण जितकं लवकर पडतं, तितकंच .३०० मॅग्नमनेही. पोटात किंवा मागच्या मांडीत बसली तर दोन्हींनी ते पळतं, आणि मग रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरावं लागतं. कधी सापडतं, कधी नाही. जखमी होऊन निसटलेली हरणं बहुतेक वेळा काडतूस लहान पडल्याने निसटत नाहीत. नेम हुकल्याने निसटतात. आणि नवख्याचा नेम बिघडवणारा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे त्याचीच रायफल, जी त्याच्या खांद्यावर आदळते आणि कानाशी फुटते.

धक्का आणि बिचकणं

रायफलीचा धक्का फूट-पाउंडात मोजतात. एकक डोक्यात शिरलं नाही तरी चालेल, तुलना पुरे. साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ-दहाच्या आसपास. .३०-३० चा अकरा-बारा. ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ बारा ते चौदा. .३०८ चा पंधरा-सोळा. .३०-०६ चा विसाच्या आसपास. .३०० मॅग्नमचा पंचवीस ते तीस. नेमका आकडा गोळीच्या वजनाने इकडेतिकडे होतो, पण रांग हीच राहते.

आता यातली मेख. एकाच काडतुसाचा धक्का रायफल हलकी झाली की वाढतो आणि जड झाली की घटतो, अगदी वजनाच्या व्यस्त प्रमाणात. साडेसात पाउंडांची रायफल सहावर आणली तर धक्का पाव पटीने वाढतो. लहान मुलाला हलकी रायफल बरी, हे सगळ्यांना पटतं, आणि उचलायला ती बरीच असते. पण हलकी रायफल आणि जोरदार काडतूस ही जोडी मुलासाठी सगळ्यात वाईट. "हलकी आहे, पोराला झेपेल" म्हणून सहा पाउंडांची .३०-०६ घेणारा बाप पोराला नेमकं तेच देतो, जे त्याला झेपत नाही.

जास्त धक्क्याने होतं काय? पहिल्या दोन-तीन बारांना मुलाला कळतही नाही. मग शरीर शिकतं. चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट आवळतं, नळीचं तोंड खाली जातं. हे बिचकणं मुद्दाम होत नाही आणि "घाबरू नकोस" म्हणून जातही नाही. एकदा बसलं की मोडायला वर्ष-वर्ष लागतं. मुलगा बिचकतो आहे का, हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, काडतुसं तुम्ही भरा. खऱ्यांमध्ये अधूनमधून दारू नसलेलं नकली काडतूस घाला आणि कुठलं कुठे आहे ते त्याला सांगू नका. नकलीवर चाप दाबला जातो, बार होत नाही, आणि तरी नळी झोका घेते. मग वाद घालायला काही उरत नाही. ही परीक्षा बापाने स्वतःचीही घ्यावी. मजा येते.

बिचकणं खांद्यापेक्षा कानातून जास्त येतं, हे फार थोडे लोक सांगतात. रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो; कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतात. म्हणून रेंजवर मुलाच्या कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. जंगलात इलेक्ट्रॉनिक मफ द्या : ते बोलणं आणि पाचोळ्याची सळसळ ऐकू देतात आणि बार झाला की तेवढा क्षण बंद होतात. नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक धक्का खरोखर कमी करतो, पण आवाज मागे फेकतो, शेजारी बसलेल्याच्या कानातही. मुलाच्या पहिल्या रायफलीवर मी तो लावणार नाही.

मग काडतूस कुठलं?

बारा-तेरा वर्षांच्या, चाळीसेक किलोच्या मुलासाठी माझं उत्तर .२४३ विंचेस्टर किंवा ७ मिमी-०८. दोन्ही .३०८ च्याच नळकांड्याचं तोंड आवळून केलेली. .२४३ आलं १९५५ मध्ये आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या कित्येक पोरांचं पहिलं हरीण त्याच्याच खात्यावर आहे. त्यात ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठीच बनवलेली गोळी वापरायची. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा.) याच काडतुसात ५५-६० ग्रेनच्या चिमुकल्या, कोल्ह्या-कायोटीसाठीच्या गोळ्याही मिळतात आणि त्या स्वस्त दिसतात. त्या हरणावर चालवायच्या नाहीत : वरच्यावर फुटतात, आत पोचत नाहीत. .२४३ ला दोष देणाऱ्यांच्या निम्म्या गोष्टी खोदल्या तर मुळाशी अशी चुकीची गोळी सापडते. उरलेल्या निम्म्यांत चुकीचा नेम.

७ मिमी-०८ बाजारात आलं १९८० मध्ये. धक्का थोडा जास्त, पण गोळी १४० ग्रेनची, त्यामुळे पुढे एल्कलाही, म्हणजे तिथल्या सांबराहून मोठ्या हरणालाही, चालते. मुलगा पंधरा-सोळाचा असेल, अंगाने भरलेला असेल, तर हेच घ्या. मोठेपणी बदलावं लागत नाही.

६.५ क्रीडमूरची सध्या हवा आहे. हॉर्नडी या काडतुसांच्या कंपनीने २००७ मध्ये ते लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आणलं आणि नंतर शिकाऱ्यांनी उचललं. काडतूस चांगलंच आहे, धक्का ७ मिमी-०८ इतका किंवा किंचित कमी, आणि दुकानात काडतुसं हमखास मिळतात, जे ७ मिमी-०८ बद्दल नेहमी म्हणता येत नाही. माझा आक्षेप काडतुसावर नाही, त्याच्याभोवतीच्या गप्पांवर आहे. सहाशे-आठशे यार्डांच्या गोष्टी ऐकलेला मुलगा तीनशे यार्डांवरच्या हरणाकडे बघून मोहात पडतो. विस्कॉन्सिनच्या रानात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच होतात आणि पहिल्या दोन हंगामांत मुलाला तीच लक्ष्मणरेषा घालून द्यावी.

.३०८ वाईट नाही. कपाटात आधीपासून असेल तर कमी धक्क्याची काडतुसं आणून काम भागतं. हॉर्नडी 'कस्टम लाइट' नावाने अशी काडतुसं विकते. .२२३ चा धक्का सगळ्यांत कमी आणि काही राज्यांत हरणासाठी ते चालतं, पण कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान .२४ आणि व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३ जाडीची अट आहे, त्यामुळे तिथे ते बाद. जिथे चालतं तिथेही नवख्याच्या हाती मी देणार नाही, कारण चुकीला त्यात जागाच उरत नाही.

एक फाटा फुटतो तो ओहायो, इंडियाना, आयोवा, इलिनॉय आणि मिशिगनच्या दक्षिण भागात. तिथली जमीन सपाट, वस्ती दाट. बाटलीसारख्या आवळल्या तोंडाच्या काडतुसाची गोळी फार लांब जाते, म्हणून पूर्वी तिथे शॉटगनमधून एकच जाड स्लग मारायचा रिवाज होता. त्या स्लगचा धक्का मुलासाठी भयंकर. अलीकडच्या वर्षांत या राज्यांनी एकामागून एक सरळ नळकांड्याच्या काडतुसांना हरणासाठी मोकळीक दिली आणि त्यांच्यासाठीच विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड आणलं. पल्ला दीडशे-दोनशे यार्डांचा, धक्का .२४३ पेक्षाही किंचित कमी. या पट्ट्यात राहत असाल तर वरचा सगळा खल विसरा आणि हे घ्या. पण प्रत्येक राज्याचे बारकावे वेगळे आहेत : इलिनॉयमध्ये रायफल एकबारीच, म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणारी, लागते, दुसरीकडे नळकांड्याच्या लांबीची अट असते. राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दस्त्याची लांबी

आपल्याकडे शाळेचा गणवेश दोन मापं मोठा घेतात, "वाढतं अंग आहे" म्हणत. रायफल तशी घ्यायची नाही. काडतुसाच्या चर्चेत तास जातात आणि दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, मापाने घ्यायचा असतो हे विसरलं जातं, म्हणून या भागावर जरा रेंगाळतो.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हे रायफलीचं मुख्य माप. मोठ्यांच्या रायफलीत ते साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. मुलांच्या मॉडेलात बारा ते साडेबारा. दीड इंच म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण लांब दस्त्याची रायफल मुलगा खांद्याला लावतो तेव्हा काय होतं ते नीट बघा : दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो, पाठ मागे कलते, मान पुढे ताणली जाते, गाल दस्त्यावर बसत नाही. आता तोच सौम्य धक्का दंडाच्या हाडावर बसतो आणि काळंनिळं करतो. रायफल बसली नाही तर .२४३ सुद्धा लाथ मारते.

मापायची पद्धत सोपी. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, मग मुलालाही बघायला लावा. त्याला हंगामातलं जाड जाकीट घालायला सांगा. मापं ऑगस्टमध्ये टी-शर्टवर घेतात आणि शिकार नोव्हेंबरात दोन थरांवर होते, ही नेहमीची गफलत. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. गाल आपोआप दस्त्यावर टेकला पाहिजे. डोळे उघडल्यावर मान न हलवता स्कोपमध्ये, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीत, पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. पाठ मागे गेली तर दस्ता लांब आहे किंवा नळी जड.

सोय अशी की पुष्कळ कंपन्या आता हा विचार करतात. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचांचा आणि नळी अठरा इंचांची. सॅव्हेज अ‍ॅक्सिसचं मुलांचं मॉडेल आहे. मॉसबर्ग पॅट्रियटच्या बँटम मॉडेलात दस्त्यामागे घालायच्या पट्ट्या मिळतात, मूल वाढेल तशा चढवायच्या. या सगळ्या रायफली साध्या आहेत, दस्ता प्लॅस्टिकचा, दिसायला ओबडधोबड. नेमाला त्या उत्तम असतात. पहिल्या रायफलीवर अक्रोडाच्या लाकडासाठी पैसे मोजायची गरज नाही. ते पैसे काडतुसांत घाला.

डावा-उजवाही तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, तिच्यातून दूरची एक वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो जोरकस. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा जोरकस निघाला तर डाव्या खांद्यावरून मारायला सुरुवातीलाच शिकवणं सोपं जातं, आणि डाव्या बोल्टच्या रायफली मिळतात. नंतर सवय मोडणं अवघड.

बोल्ट, लिव्हर की एकबारी

बोल्टची रायफल घ्या. बोल्ट उचलून मागे ओढला की रायफल रिकामी आहे का, हे दोन पावलांवर उभ्या माणसालाही दिसतं. मुलाबरोबर असताना यापेक्षा मोठा गुण नाही.

लिव्हरची, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस चढवायची, .३०-३० अमेरिकेतल्या आजोबांच्या कपाटात हटकून असते, विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६, आणि मित्राचे वडील ती प्रेमाने देऊ करतात. काडतूस म्हणून .३०-३० शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत हरणासाठी झकासच. अडचण जुन्या रायफलीच्या उघड्या घोड्याची, म्हणजे चाप दाबला की पुढे आपटून बार काढणाऱ्या मागच्या हातोडीची. बार न काढता घोडा अलगद खाली आणायचा तर चाप दाबून अंगठ्याने तो धरून सोडावा लागतो, आणि गारठलेल्या, हातमोज्यातल्या बारीक अंगठ्यावरून तो निसटू शकतो. म्हणून अशी रायफल दिलीच तर घोडा उतरवायचं काम मोठ्याने करायचं. एकबारी रायफलीतही, जी मधून मोडून एकच काडतूस भरतात, बहुधा असाच घोडा असतो. तिचा फायदा मात्र खरा आहे : एकच गोळी आहे हे माहीत असलेला मुलगा घाई करत नाही. बोल्टच्या रायफलीतही पहिल्या हंगामात एकच काडतूस भरायचा नियम करता येतो, आणि मी तो करायला सांगतो.

स्वयंभरणाच्या रायफलींचं नाव मी घेत नाही. बार झाला की त्या आपोआप पुढची गोळी चढवतात आणि पहिल्या हरणाच्या थरथरीत मुलाला त्याचं भान राहत नाही.

चाप तीन-साडेतीन पाउंडांच्या दाबाला सुटेल असा हवा. सात पाउंडांचा कडक चाप ओढताना बोटाबरोबर अख्खी रायफल कलते. हल्लीच्या स्वस्त रायफलींचे चापही बरे असतात. सॅव्हेजच्या बऱ्याच मॉडेलांचा तर घरीच हलका-जड करता येतो.

स्कोपमध्ये मोठेपणाचा मोह आवरा. २-७ किंवा ३-९ पटींचा पुरे. रानात तो कमीतकमी शक्तीवर ठेवायचा. नऊवर ठेवलेल्या स्कोपमधून साठ यार्डांवर फक्त तपकिरी केस दिसतात, हरणाचं कुठलं अंग ते कळत नाही. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंच किंवा जास्त अंतर राहील असा स्कोप घ्या आणि तो मुलाच्या मानेला बसेल असा पुढे-मागे करून लावून घ्या. नाहीतर धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर बसते. त्या एका खोकेने मुलाचा हंगाम संपतो.

कागदपत्रं, आणि व्हिसाची भानगड

केंद्रीय कायद्याने दुकानदार १८ वर्षांखालच्याला रायफल विकू शकत नाही. म्हणजे बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आई किंवा बाप भरणार आणि खरेदी त्यांच्या नावावर होणार. आपल्या मुलाला भेट म्हणून घेणं कायदेशीर आहे. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, स्वतःच्या नावावर घेणं हा गुन्हा आहे, मग तो दुसरा कितीही जवळचा असो.

आता मराठी घरांसाठी महत्त्वाचं. एच-१बी किंवा एच-४ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याची एरवी मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि रायफल कपाटात तशीच असते. मुलगी जन्माने अमेरिकी नागरिक आणि बाप व्हिसावर, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी दुकानात जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं. इथली चूक दंडावर भागत नाही, ग्रीन कार्डाच्या रांगेपर्यंत पोचते. ग्रीन कार्ड हातात आलेल्यांना ही मनाई नाही.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना घ्यायला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याशिवाय जायचं असेल तर मार्गदर्शक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि त्या माणसाचा जन्मही १९७३ किंवा त्यानंतरचा असेल तर त्याचा अभ्यासक्रम झालेला हवा. तेव्हा बाप-लेकीने तो एकत्रच करावा. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, निशाण्याच्या मागे काय आहे ते आधी बघायचं : हे शिक्षकाच्या तोंडून ऐकलेलं मुलांच्या डोक्यात जास्त बसतं. मचाणावर चढताना रायफल रिकामी करून खाली ठेवायची, खांदे-छाती-मांड्यांना धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस घालून चढायचं आणि रायफल दोरीने वर ओढून घ्यायची, हेही तिथेच शिकवतात. घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. रायफल मुलाची असली तरी किल्ली त्याची नाही.

वेळापत्रक

रायफल ऑक्टोबरात घेऊ नका. उन्हाळ्यात घ्या, आणि त्याच्याही आधी पॉइंट टू-टू. तिला धक्का जवळजवळ नसतो, काडतूस स्वस्त असतं. मुलगा एका दुपारी पन्नास बार काढतो आणि श्वास, चाप, नेम हे सगळं तिथेच शिकतो. मोठी रायफल आली की एका बैठकीत दहा-बारा बार बस्स, शेवटचे दोन पुन्हा पॉइंट टू-टूने, म्हणजे रेंजवरून निघताना हात स्थिर असतो. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकून मारताना धक्का सगळ्यात जास्त लागतो, म्हणून तिथे बापानेच स्कोप नेमाला लावून घ्यावा : शंभर यार्डांवर गोळी दीड इंच वर बसेल असा. बहुतेक स्कोपवर नेम हलवायच्या फिरकीची एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. मुलाने मग गुडघ्यावर, मांडी घालून, झाडाला टेकून सराव करावा, कारण रानात टेबल नसतं. चहाच्या बशीएवढ्या कागदावर शंभर यार्डांवरून पाचपैकी पाच बसेपर्यंत अंतर कमी ठेवायचं. पन्नासला बसत असतील तर त्या वर्षी पन्नासच.

स्कोप ज्या काडतुसावर लावला तेच काडतूस हंगामात वापरायचं, त्याच कंपनीचं, त्याच वजनाचं. दोन-तीन खोकी एकदम घ्या. काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव एकच आहे का, हे मुलाला स्वतः वाचायला लावा, दर वेळी. मांस घरी शिजणार असेल तर तांब्याच्या गोळीचा विचार करा. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात राहतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची काडतुसं बंदच केली. तांब्याची महाग पडतात, पण हंगामात लागतात किती? दोन-चार. सरावही थोडा त्यांनीच करावा लागतो, कारण ती शिशाच्या गोळीच्या जागी बसतीलच असं नाही.

आणि दोन वर्षांनी दस्ता आखूड पडला तर रायफल विकायची घाई नको. त्याच मॉडेलचा मोठ्या मापाचा दस्ता बहुतेक वेळा सुटा मिळतो आणि दोन स्क्रू काढून बसतो. जुना ठेवून द्या, धाकटं भावंड असेल तर पुन्हा लागतो.